नियमांच्या कुंपणाआड मक्तेदारी

भाजीच्या गाडीवर काट्याशेजारी ठेवलेली छोटी पेटी ‘चाळीस रुपये मिळाले’ असे बोलते आणि भाजीवाला मान वर न करता पुढच्या गिऱ्हाईकाची मेथी बांधायला घेतो. गाडीच्या दांडीला लटकवलेला क्यूआर कोड कोणत्या कंपनीचा आहे, हे गिऱ्हाईक बघतही नाही, कारण पैसे कोणत्याही अॅपमधून जातात. ही सोय कोणा कंपनीची मेहेरबानी नव्हे. रिझर्व्ह बँक आणि भारतीय बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने उभी राहिलेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआय या ना-नफा संस्थेने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले आणि बँका व अॅप यांच्यातली भिंत काढून टाकली. ऑक्टोबर २०२० मध्ये या यंत्रणेवर महिन्याला दोनशे कोटींहून अधिक व्यवहार झाले. डिसेंबर २०२४ मध्ये हा आकडा १,६७३ कोटींवर पोहोचला. जगाने कौतुक करावे असेच हे काम आहे. मात्र रस्ता सार्वजनिक असला तरी त्यावरची बहुतेक वाहतूक दोनच गाड्यांतून चालते. २०२४ च्या अखेरीस सुमारे ४८ टक्के व्यवहार फोनपेवरून आणि सुमारे ३७ टक्के गुगल पेवरून होत होते. पहिल्या कंपनीची बहुतांश मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे आहे आणि दुसरे अॅप थेट गुगलचे.

हा धोका कोणाच्या लक्षातच आला नव्हता, असे नाही. ५ नोव्हेंबर २०२० रोजी एनपीसीआयने नियम जाहीर केला, की कोणत्याही एका अॅपचा यूपीआय व्यवहारांतला वाटा ३० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू होणार होता. जी अॅप आधीच मर्यादेच्या वर होती, त्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. तेव्हाही या दोघांचा मिळून वाटा ८० टक्क्यांच्या घरात होता. २०२२ संपत आले तसे मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढवण्यात आली. ती तारीख उजाडली आणि त्याच दिवशी पुढची तारीख जाहीर झाली, ३१ डिसेंबर २०२६. मर्यादेच्या नियमासोबत त्याच ५ नोव्हेंबरला फेसबुकच्या व्हॉट्सअॅपला यूपीआयची सेवा टप्प्याटप्प्याने सुरू करण्याची परवानगी मिळाली होती. त्या टप्प्यांवरची शेवटची मर्यादाही ३१ डिसेंबर २०२४ रोजीच उठवण्यात आली. छोट्या स्पर्धकांना जागा मिळावी म्हणून केलेला नियम चार वर्षांत एकदाही लागू झाला नाही, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी आणखी एकीला दार सताड उघडले गेले.

या चार वर्षांत कोणी नियम मोडला नाही. तो नुसता भिजत घोंगड्यासारखा पडून राहिला. मुदत मागताना आणि देताना दर वेळी एकच कारण पुढे येत राहिले. वाटा इतका मोठा आहे, की तो एकदम खाली आणला तर लोकांची गैरसोय होईल. पण वाटा आणखी वाढला तोच मुदती मिळत गेल्यामुळे. जितका उशीर, तितकी अंमलबजावणी अवघड. जितकी अवघड, तितका आणखी उशीर. बलाढ्य तंत्रज्ञान कंपन्या कायद्याला जुमानत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. या कंपन्यांना आता नियमांची भीती उरलेली नाही. नियम किती खर्चिक असावा, कधी लागू व्हावा आणि कोणत्या दबावापुढे मागे घेतला जावा, या तिन्ही गोष्टींवर त्यांचा हात पोहोचला आहे. जे कुंपण मक्तेदारीला आवरण्यासाठी घातले, तेच तिच्या रक्षणाला उभे राहते.

कधीकधी यासाठी कोणाच्या वाईट हेतूचीही गरज नसते. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास सरकारने मनाई केली. हेतू चांगला होता आणि भाजीवाल्याला त्याचा फायदाही झाला. पण त्या व्यवहाराचा खर्च कोणीतरी सोसायचा असतोच. व्यवहारातून काहीच मिळत नसेल, तर वर्षानुवर्षे तोटा पचवू शकणारी आणि पुढे कर्ज, विमा किंवा जाहिरात विकून तो भरून काढू शकणारी कंपनीच या धंद्यात टिकते. सरकारने भरपाई म्हणून प्रोत्साहन योजना आणली. २०२४-२५ साठी ती दीड हजार कोटी रुपयांची होती, आणि ती रक्कम मुख्यतः बँका व इतर सहभागींमध्ये विभागली जाते. एखाद्या नव्या, लहान अॅपला तेवढ्यावर उभे राहता येत नाही. तिसऱ्या क्रमांकावरचे पेटीएमही जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने केलेल्या कारवाईनंतर आणखी मागे पडले. शून्य शुल्काचा नियम गरिबासाठी आणि वाट्याची मर्यादा स्पर्धेसाठी होती. पहिला तातडीने लागू झाला, दुसरा टांगून राहिला, आणि दोन्हींचा लाभ पहिल्या दोघांच्याच पदरात पडला.

ही रीत इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची सूत्रे १९०७ मध्ये थिओडोर व्हेल यांच्या हाती आली, तेव्हा देशभर हजारो छोट्या टेलिफोन कंपन्या होत्या. त्या काळचे बहुतेक उद्योगपती सरकारी नियंत्रणाच्या नावाने बोटे मोडत असताना व्हेल यांनी नियंत्रणाचे स्वागत केले. एकच धोरण, एकच यंत्रणा आणि सर्वांना सेवा, असे त्यांचे ब्रीद होते. १९१३ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड केली, छोट्या कंपन्यांना आपल्या दूरपल्ल्याच्या तारांशी जोडणी देण्याचे मान्य केले आणि आपल्यावरचा विभाजनाचा धोका टाळला. पुढे सरकारमान्य मक्तेदारी म्हणून ती १९८४ पर्यंत टिकली. त्या मक्तेदारीला नियमांचा आधार कसा मिळाला, हे एका क्षुल्लक वस्तूवरून कळते. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून टेलिफोनच्या तोंडाशी बसवायचे पेल्यासारखे एक साधे टोपण ‘हश-अ-फोन’ नावाची छोटी कंपनी विकत असे. आपल्या यंत्राला परक्याची वस्तू जोडणे नियमाविरुद्ध आहे, असे एटी अँड टीने म्हटले आणि सरकारी नियामकाने ते मान्य केले. त्या टोपणाला न्याय मिळायला १९५६ साल उजाडले, तेही अपील न्यायालयात. शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ मध्ये या सगळ्याची मीमांसा केली. नियमन हे पुष्कळदा उद्योगच मिळवतो आणि ते त्याच्याच सोयीने आखले जाते, असे त्यांनी मांडले. १९८२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. व्हेल यांना ते पन्नास-साठ वर्षे आधीच उमगले होते.

आजच्या कंपन्यांनाही ते उमगले आहे. फेसबुक वापरकर्त्यांच्या माहितीच्या गैरवापराच्या केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणानंतर एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग अमेरिकी काँग्रेससमोर आले, तेव्हा त्यांनीच सांगितले होते, की नियमांचे पालन आमच्यासारख्या मोठ्या कंपनीला सहज जमते, लहान कंपनीला ते जड जाऊ शकते. वर्षभराने, मार्च २०१९ मध्ये, ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहून त्यांनी इंटरनेटसाठी नवे नियम हवेत अशी मागणी केली आणि युरोपच्या जीडीपीआर या खासगीपणाच्या कायद्यासारखे कायदे इतर देशांनीही करावेत असे सुचवले. तो कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला होता. त्याचे परिणाम मोजणाऱ्या अभ्यासकांना काय दिसले? गॅरेट जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की कायदा लागू झाल्यानंतरच्या काळात संकेतस्थळांनी बाहेरच्या तंत्रज्ञान कंपन्यांची मदत घेणे सुमारे १५ टक्क्यांनी कमी केले. पण जी मदत चालू राहिली ती मोठ्यांकडे अधिक एकवटली आणि गुगलचे पारडे जड झाले. दुसऱ्या एका गटाने गुगलच्या अॅप दुकानातल्या लाखो अॅपचा माग काढला. तिथली साधारण एक तृतीयांश अॅप बाहेर पडली होती आणि नव्या अॅपची आवक निम्म्यावर आली होती. बंद पडलेल्यांत काही फसवी आणि निरुपयोगी अॅपही असणार. तरी पुढे कोणातरी मोठ्याला आव्हान दिले असते अशी कित्येक अॅप जन्मालाच आली नाहीत, ही हानी उरतेच.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात हाच प्रयोग पुन्हा होताना दिसला. १६ मे २०२३ रोजी ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुचवले, की एका ठरावीक क्षमतेपलीकडची प्रारूपे बनवण्यासाठी सरकारी परवाना असावा आणि तो देणारी स्वतंत्र संस्था असावी. आठवडाभराने त्यांनी लंडनमध्ये सांगितले, की युरोपचा नियोजित कायदा पाळणे जमले नाही तर कंपनी तिथली सेवा बंद करू शकते. नंतर ते विधान त्यांनी मागे घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने उघड केले, की आपल्यासारख्या सर्वसाधारण प्रणालींना ‘अति-जोखमीच्या’ वर्गात टाकू नये म्हणून या कंपनीने युरोपीय अधिकाऱ्यांकडे आधीच रदबदली केली होती. आपण दाराच्या आत असताना दारावर परवान्याचे कुलूप लावा म्हणायचे आणि आपल्याच उत्पादनाची कसून तपासणी होणार म्हटले की हात आखडता घ्यायचा. ऑल्टमन यांना धोक्याची खरोखरच काळजी असेल, मी ती नाकारत नाही. पण धोरण ठरवताना बोलणाऱ्याच्या मनात काय आहे यापेक्षा त्या नियमानंतर बाजारात कोण उरेल, हे पाहावे लागते. वेतनाच्या नियमातही हेच दिसते: अॅमेझॉनने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या कामगारांचे किमान वेतन तासाला १५ डॉलर केले आणि मग देशभर किमान वेतन वाढवण्याचा आग्रह धरला. कामगारांच्या दृष्टीने मागणी चांगलीच होती. त्याच वेळी ती छोट्या स्पर्धकाचा खर्च वाढवणारीही होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि म्हणूनच अशा मागण्यांना नुसत्या टाळ्या वाजवून भागत नाही.

जिथे नियम खरोखर मक्तेदारीच्या मुळावर येतो, तिथे मात्र सूर बदलतो. स्वतःच्या मंचावर स्वतःच्याच मालाला झुकते माप देण्यास मनाई करणारे विधेयक जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या न्याय समितीने १६ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केले. अॅपच्या दुकानांतली मक्तेदारी मोडणारे दुसरे विधेयक पुढच्याच महिन्यात २० विरुद्ध २ मतांनी समितीतून पुढे गेले. दोन्हींना दोन्ही पक्षांचा पाठिंबा होता, तरी त्यांपैकी एकावरही संपूर्ण सिनेटमध्ये मतदान झाले नाही. भारतात संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला. बाजार एकाच कंपनीकडे कलून गेल्यावर दंड करण्यात अर्थ नाही, आधीच बंधने घालणारा कायदा हवा, असे त्याचे सार होते. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. ज्या कंपनीचे भारतात एक कोटी वापरकर्ते किंवा दहा हजार व्यावसायिक ग्राहक आहेत आणि उलाढाल ठरावीक मर्यादेच्या वर आहे, तिलाच तो लागू होणार होता. नियम मोडल्यास जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होता. गुगल, अॅमेझॉन, अॅपल ज्याचे सदस्य आहेत त्या अमेरिका-भारत व्यापार परिषदेने मे २०२४ मध्येच पत्र लिहून सरकारला फेरविचार करायला सांगितले. त्यानंतर विधेयक आणखी अभ्यासाच्या वाटेला लागले. अभ्यासाला कोणाची हरकत असायचे कारण नाही. पण २०२२ मध्ये ज्या दुखण्याचे निदान झाले, त्याच्यावर औषधाची बाटलीही उघडू नये, याला अभ्यास म्हणता येत नाही.

देशातली रदबदली पुरेशी पडली नाही, तर परराष्ट्र धोरण मदतीला येते. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला गुगल, मेटा (आधीची फेसबुक), अॅमेझॉन आणि अॅपल यांचे प्रमुख मानाच्या जागी बसलेले जगाने पाहिले. मेटा, अॅमेझॉन आणि गुगल यांनी समारंभाच्या निधीला प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले होते. महिनाभराने, फेब्रुवारी २०२५ मध्ये, परदेशांनी अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांवर लादलेल्या कर आणि दंडांना आयात शुल्काने उत्तर देण्याचा आदेश निघाला. कॅनडाचा डिजिटल सेवा कर जूनअखेर पहिल्यांदा वसूल व्हायचा होता. अमेरिकेने व्यापार वाटाघाटी थांबवल्या आणि दोन दिवसांत कॅनडाने तो कर गुंडाळला. आपल्याकडे २०१६ पासून ऑनलाइन जाहिरातींवर सहा टक्के समकरण शुल्क होते आणि २०२० मध्ये त्यात ई-व्यापारावरचे दोन टक्के शुल्क जोडले गेले. दोन टक्क्यांचे शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये गेले, आणि अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी सुरू असताना १ एप्रिल २०२५ पासून सहा टक्क्यांचेही गेले. हे शुल्क योग्य होते की नव्हते, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. त्याचा काही भार शेवटी आपल्याच छोट्या जाहिरातदारांवर पडत होता, हा मुद्दाही चुकीचा नाही. पण तो वाद आपल्या संसदेत सोडवायचा होता. दुसऱ्या देशाने पोलाद आणि औषधांवरच्या शुल्काची भीती दाखवून आपली करव्यवस्था ठरवावी, हे सार्वभौम देशाला शोभत नाही. बळी तो कान पिळी ही म्हण अशा वेळी फार खरी वाटते.

मग हे अटळ आहे का? नाही, आणि याचा पुरावा आपल्याच देशात आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने भारतात अशी सेवा आणली, की जिच्यात निवडक संकेतस्थळे फुकट पाहता येत आणि कोणाला निवडायचे त्याची दोरी फेसबुकच्या हाती असे. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०१५ मध्ये वेगवेगळ्या दरांच्या प्रश्नावर लोकांची मते मागवली, तेव्हा फेसबुकने पानभर जाहिरातींचा धडाका लावला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त झुकरबर्ग यांनी लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट होती. तो या सेवेवर हवामान आणि बाजारभाव पाहतो आणि त्याची शेती सुधारली, असे सांगून त्यांनी विचारले होते, की याला विरोध तरी कोण करील? फेसबुक उघडताच समोर येणारी एक कळ दाबली, की वापरकर्त्याच्या नावाने तयार मजकुराचे पत्र ट्रायकडे रवाना होत असे. सुमारे २४ लाख अभिप्राय आले आणि त्यांतले बहुसंख्य अशा साच्यातले होते. शेतकऱ्याला बाजारभाव कळावा, यात वाद नव्हता. त्याला लासलगावचा भाव कोणत्या संकेतस्थळावर पाहायची मुभा असावी, हे कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ठरवावे का, हा प्रश्न होता, आणि साच्यातल्या पत्रांत नेमके त्याचेच उत्तर नव्हते. ट्रायने कंपनीला खरमरीत पत्र लिहून हेच सांगितले. आर. एस. शर्मा अध्यक्ष असताना ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. जाहिराती, राजकीय ओळखी, कोट्यवधी वापरकर्ते असे सगळे बळ एका बाजूला असताना एक नियामक ठाम राहिला. ठाम राहू शकला, कारण आदल्या वर्षी एप्रिलमध्ये दहा लाखांवर सामान्य नागरिकांनी खुल्या इंटरनेटच्या बाजूने ई-मेल पाठवून हा विषय घराघरात नेला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की नियम बलाढ्यांनाच मदत करणार असतील तर नियमच नकोत. हा निष्कर्ष घाईचा आहे. एटी अँड टीची मक्तेदारी मोडली तीही न्यायालय आणि सरकारनेच. फ्री बेसिक्सला अडवले ते नियमानेच. यूपीआय हीच मुळात एका सार्वजनिक नियमाची निर्मिती आहे. सगळी अॅप एकमेकांशी बोलली पाहिजेत, हा नियम नसता तर प्रत्येक दुकानात चार कंपन्यांचे चार कोड लागले असते. नियम दोन प्रकारचे असतात. काही दार बंद करतात: परवाना, अनुपालनाचे जाडजूड अहवाल, सर्वांना सारखाच खर्च. काही दार उघडतात: दुसऱ्याला जोडणी द्या, ग्राहकाला त्याची माहिती घेऊन जाऊ द्या, स्वतःच्या मालाला झुकते माप देऊ नका. बलाढ्य कंपन्या पहिल्या प्रकाराला अनेकदा मान डोलावतात आणि दुसऱ्या प्रकाराविरुद्ध जिवाच्या आकांताने लढतात. युरोपने कायदा करून अॅपलला बाहेरच्या अॅप दुकानांना वाट द्यायला लावले, तेव्हा कंपनीने दरवर्षी पहिल्या दहा लाखांनंतरच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे अर्धा युरो असे नवेच शुल्क आणले. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने याच कायद्याखाली अॅपलला ५० कोटी आणि मेटाला २० कोटी युरोंचा दंड केला. कंपन्या कशासाठी इतक्या भांडतात, हे पाहिले की कोणता नियम खरा आहे ते कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लोकांनीच ही अॅप निवडली, ती चांगली चालतात, मग यशाची शिक्षा का? यश मिळवण्यात गुन्हा नाही. फोनपे आणि गुगल पे यांनी सोपी, विश्वासार्ह अॅप बनवली, म्हणून लोक त्यांच्याकडे गेले, हे मान्य करायलाच हवे. पण आज त्यांना सोडून जाणे सोपे आहे का आणि उद्या त्यांच्यापेक्षा चांगला कोणी आला तर त्याला उभे राहता येईल का, हे प्रश्न वेगळे आहेत. सार्वजनिक यंत्रणेचे ८५ टक्के व्यवहार दोन खासगी कंपन्यांच्या दारातून होत असतील, तर त्यांतल्या एकीच्या सर्व्हरमधला बिघाड म्हणजे देशाच्या बाजारपेठेतला बिघाड. ३० टक्क्यांच्या नियमाने लोकांचे पैसे अडकतील, हे म्हणणेही तपासून पाहावे. मार्च २०२१ मध्ये एनपीसीआयने ठरवलेल्या कार्यपद्धतीत वाटा २५ टक्क्यांच्या वर गेला की इशारा आणि मर्यादा ओलांडली की नवे ग्राहक घेणे थांबवणे, अशी पायऱ्यांची व्यवस्था होती. जुन्या ग्राहकाचा व्यवहार त्यात अडत नव्हता. व्यवहार्य मार्ग कागदावर तयार होता. त्यावरून चालायचे धैर्य कमी पडले.

तिसरा युक्तिवाद राष्ट्राभिमानाचा असतो. परदेशी कंपन्यांना टक्कर द्यायची तर आपल्याही बलाढ्य कंपन्यांना मोकळीक द्या, त्यांच्यावर बंधने घालू नका. ऐकायला हे बरे वाटते, पण आपले आणि परके ही रेघ बाजारात कधीच पुसली गेली. २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून जवळजवळ दहा टक्के हिस्सा घेतला आणि काही महिन्यांत गुगलने ३३,७३७ कोटींची गुंतवणूक जाहीर केली. आज ज्याला स्वदेशी पहिलवान म्हणून खुराक द्यायचा, तोच उद्या परक्या पहिलवानाचा भागीदार झालेला असतो. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या चार अभियंत्यांनी काढलेल्या कंपनीला मुंबईतल्या मक्तेदारीचा जाच सिलिकॉन व्हॅलीतल्या मक्तेदारीपेक्षा कमी वाटत नाही. मक्तेदाराचा पासपोर्ट पाहून स्पर्धेचे धोरण ठरवू नये. लोकशाहीत कंपन्यांनाही आपली बाजू मांडायचा हक्क आहे, असेही म्हटले जाते. तो हक्क आहेच, फक्त तो उजेडात बजावला जावा. युरोपीय संघात कोणती कंपनी रदबदलीवर किती खर्च करते, याची नोंदवही असते. अमेरिकेत तर तिमाही तपशील कायद्याने द्यावा लागतो, आणि म्हणूनच एकट्या मेटाने २०२४ मध्ये तिथे २.४ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला हे जगाला कळते. भारतात अशी नोंद ठेवण्याचा कायदाच नाही. कोणता अधिकारी कोणत्या कंपनीच्या प्रतिनिधीला कधी भेटला आणि त्यानंतर मसुद्यातले कोणते कलम बदलले, हे नागरिकाला कळायची सोय नाही. पाणी कुठे मुरते हे शोधायचे, तर आधी ते वाहते कुठून हे दिसायला हवे.

यातून वाट काढणे अशक्य नाही. पहिली गोष्ट, नियमाचे ओझे ताकदीप्रमाणे असावे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर जादा जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्टार्टअपना काही तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. ही सूट सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्यातच स्पष्ट निकषांनी लिहावी, कारण मर्जीच्या दारात ओळखीचाच माणूस आधी पोहोचतो. दुसरे, ग्राहकाला आपला पसारा उचलून दुसरीकडे जाता आले पाहिजे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा जानेवारी २०११ मध्ये देशभर मिळाली, तेव्हाही कंपन्यांनी अडचणींचा पाढा वाचला होता. आज त्या सोयीशिवायचा काळ कोणाला आठवतही नाही. तिसरे, मुदत वाढवायची तर कारणे, आकडे आणि कोणी काय मागितले हे सगळे जाहीर करूनच वाढवावी, आणि एकापेक्षा जास्त वेळा वाढवू नये. चौथे, डिजिटल स्पर्धा विधेयक संसदेत आणावे. त्यात उणिवा असतील तर त्या सभागृहात, सर्वांसमोर दुरुस्त व्हाव्यात.

शेवटी हे काम एकट्या सरकारवर सोडून भागणार नाही. ट्राय असो, रिझर्व्ह बँक असो की केंद्राचे एखादे मंत्रालय, नव्या नियमांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी संकेतस्थळावर ठेवले जातात. त्या मुदतीत कंपन्यांची शंभर पानी निवेदने वेळेवर पोहोचतात आणि नागरिकांची बाजू बहुतेकदा रिकामी राहते. पुढचा मसुदा येईल तेव्हा व्यापारी संघटनांनी, ग्राहक पंचायतींनी, महाविद्यालयांतल्या तरुणांनी आणि ज्याला शक्य आहे त्या प्रत्येकाने आपल्या भाषेत चार ओळी लिहाव्यात: हा नियम लहानाला झेपेल का आणि मोठ्याचे दार त्याने उघडेल का. यूपीआयच्या मर्यादेची तारीख ३१ डिसेंबर २०२६ ही ठरलेली आहे. ती तिसऱ्यांदा पुढे ढकलली जाऊ नये, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या दिवसाची वाट न पाहता आत्ताच बोलायला हवे.